संत्रा बाटलीत उतरवताना

डिसेंबरात आमच्या वरूड तालुक्यातून कुणी पाहुणा रिकाम्या हाताने जात नाही. एसटीत बसवून द्यायला गेलं तरी खिडकीतून पाच किलो संत्र्याची पिशवी आत जातेच. आणि मे महिन्यात त्याच घरातलं पोरगं तापाने फणफणलं, 'संत्रा पायजे' म्हणून रडलं, की बाजार पालथा घालावा लागतो. दारात दोनशे झाडं असून! लग्न होऊन इथे आले तेव्हापासून ही गोष्ट मला खटकायची.

बगीचा आम्ही व्यापाऱ्याला उक्ता देतो. तोडा झाला, गाडी भरून गेली, की झाडावर आणि झाडाखाली बारीक माल उरतो. सालीवर डाग असतो, फांदीने खरचटलेलं असतं, आकार बसत नाही म्हणून कुणी उचलत नाही. आत फोड मात्र तशीच गोड. त्याच मालाचं मी गेली बारा-तेरा वर्षं काही ना काही करते आहे. आमच्या बचत गटातल्या बाया दरवर्षी तेच तेच विचारतात आणि दरवर्षी फोनवर अर्धंच सांगून होतं, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते.

आधी माझी फजिती सांगते, म्हणजे पुढचं का करायचं ते कळेल.

पहिल्या वर्षी मी संत्रे सोलले, फोडी मिक्सरला लावल्या, गाळून रस उकळला, साखर घातली आणि तेवीस बाटल्या भरल्या. भरताना चाखून पाहिला तर गोड, केशरी, मस्त. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी अर्धा पेला घेतला, एक घोट प्यायल्या आणि पेला ओट्यावर ठेवला. "काय टाकलं वं याच्यात? संत्रा हाय का कडुलिंब?" मी प्यायले. खरंच कडूजहर. तेवीसच्या तेवीस बाटल्या गाईच्या ढेपेत ओतल्या. गाईनेही पहिल्या दिवशी तोंड फिरवलं.

कारण नंतर कळलं. संत्र्याच्या बीमध्ये, फोडीवरच्या पापुद्र्यात आणि सालीखालच्या पांढऱ्या गरात एक द्रव्य असतं. फळात असताना ते कडू लागत नाही. रस काढला, त्यातल्या आंबटाशी गाठ पडली, की ते हळूहळू बदलतं आणि त्याचं लिमोनिन होतं. हे लिमोनिन म्हणजे निव्वळ कडू. थंड रसात याला काही तास लागतात, रस तापवला की काम भराभर होतं. म्हणूनच रसवंतीवर समोर काढलेला रस गोड लागतो आणि तोच घरी नेऊन ठेवला की बिघडल्यासारखा वाटतो. मी मिक्सरमध्ये बिया फोडल्या आणि वरून उकळलं, म्हणजे कडू व्हायला जे जे लागतं ते सगळं हाताने केलं.

यातून दोन गोष्टी पक्क्या बांधून घ्या. संत्रा झाडावर पूर्ण पिकलेला हवा. कच्च्या फळात हे द्रव्य जास्त असतं, पिकत जातं तसं कमी होतं. हिरवट, अर्धा रंग चढलेला माल घेऊच नका. आणि बी, पापुद्रा, पांढरे धागे यांना शक्य तेवढं बाहेर ठेवायचं. रस टिकवण्यापेक्षा मी फोडी टिकवते, त्याचं कारणही हेच. फोडीत हात फिरवून बी काढता येते, रसात काय शोधणार?

दुसरी फजिती सीताफळाची. ती जास्त गंभीर होती, तिच्याकडे नंतर येते.

भांडी आणि बाटल्या

बाटली काचेची, अर्ध्या लिटरची, रुंद तोंडाची. मी नागपूरला गेले की इतवारीतून आणते, झाकणं वेगळी घेते. झाकण पत्र्याचं, अर्ध्या फेऱ्यात घट्ट बसणारं, आतून रबरासारखी मऊ कड असलेलं. लोणच्याच्या, जॅमच्या जुन्या बाटल्या धुऊन वापरायला हरकत नाही, पण तोंडावरून बोट फिरवा. बारीकसा टवका जरी लागला तरी ती बाटली डाळीला ठेवा. झाकण मात्र दरवेळी नवं. मऊ कडेवर एकदा बाटलीच्या तोंडाचा ठसा उमटला की दुसऱ्यांदा ती नीट चिकटत नाही. इथे दोन रुपये वाचवले की साखर, गॅस, दुपार, सगळंच जातं.

मोठा गंज, म्हणजे खोल पातेलं, लागतो. लग्नकार्यात भाजीला वापरतात त्याच्यापेक्षा लहान, पण इतका खोल की बाटल्या उभ्या ठेवल्यावर त्यांच्या झाकणांवर इंचभर पाणी राहील आणि उकळायला वर जागा उरेल. तळाला स्टीलची जाळी ठेवा, नसेल तर जुनं लुगडं चौपदरी घडी करून. बाटली थेट तळाला टेकली की तडकते. मी आधी काही वर्षं चुलीवर करायची. इंधन फुकट, पण उकळी एकसारखी राहत नाही, फुंकणी घेऊन बसावं लागतं. आता गॅसची मोठी शेगडी वापरते.

बाकी चिमटा, फडकी, परात, लाकडी चमचा, आणि शिवणकामाची छोटी टोकदार कात्री. कात्री पाण्यात उकळून घ्यायची आणि त्या दिवशी ती कुणाला ब्लाउज कापायला द्यायची नाही.

फोडी

दहा किलो संत्र्याला आम्ही तिघी बसतो, मी, धाकटी जाऊ आणि शेजारची काकू. जेवणं आटोपून अंगणातल्या उन्हात बसलं की दिवेलागणीच्या आत पंधराएक बाटल्या होतात. एका बाटलीला साधारण पाच संत्रे, बारीक असतील तर सहा.

पाणी उकळायला ठेवा. धुतलेले संत्रे झाऱ्यात घेऊन मिनिटभर त्यात बुडवा आणि लगेच गार पाण्यात टाका. आपल्या नागपुरी संत्र्याची साल तशीही ढिली असते, ओरडूनसुद्धा निघेल असं आमचे सासरे म्हणत, पण आतलं पांढरं फोडीला चिकटून राहतं. या एका मिनिटाने ते सालीसोबतच निघून येतं. आत उरलेले धागे बोटांनी ओढून काढा. मधली जाड पांढरी दांडी तर आधी.

आता खरं काम. फोड डाव्या हातात अशी धरा की पाठीचा गोल भाग तळहाताकडे आणि पातळ धार वर येईल. बिया त्या धारेलाच असतात. कात्रीने ती धार टोकापासून टोकापर्यंत नखाएवढी कापून टाका. फोड पुस्तकासारखी उघडते. बिया अंगठ्याने ढकलल्या की परातीत टपटप पडतात. मग दोन्ही बाजूंचा पापुद्रा मागे सोलत न्या, पाठीकडे तो जरा चिकट असतो, तिथे घाई केली की फोड मोडते. नीट निघाली तर हातात नुसत्या रसाच्या कळ्यांची चंद्रकोर राहते, इतकी नाजूक की उचलताना श्वास धरावासा वाटतो. पहिल्या दिवशी चारातली एक मोडेल. मोडलेल्या वेगळ्या वाटीत ठेवा, पोरं संपवतात.

पापुद्रा न काढता नुसत्या बिया काढल्या तरी चालतं का, असं काकू दरवर्षी विचारते. चालतं, टिकतंही. पण महिनाभरात पाकाला कडवट शेवट येतो. आमच्या घरी सासूबाई ओळखतात, म्हणून मी काढते. तुमच्या घरी ओळखणारं कुणी नसेल तर तुमचं तुम्ही ठरवा.

पाक: एक लिटर पाण्याला सव्वाचारशे ग्रॅम साखर. विरघळून एक उकळी आली की झालं. तार-बिर पाहायची नाही, हा गुलाबजामाचा पाक नव्हे. इथे साखर चवीसाठी, रंगासाठी आणि फोड घट्ट राहावी म्हणून आहे, टिकवायचं काम तिच्याकडे नाही. टिकवतात ते संत्र्याचा आंबटपणा आणि उकळतं पाणी.

बाटल्या साबणाने धुऊन गरम पाण्यातच राहू द्या. एकेक काढायची, फोडी हलक्या हाताने भरायच्या, कोंबायच्या नाहीत, आणि वरून उकळता पाक ओतायचा. तोंडापासून अर्धा इंच जागा मोकळी सोडा. लाकडी चमच्याची दांडी कडेने फिरवा, अडकलेले बुडबुडे वर येतात. पाक खाली बसला तर पुन्हा घाला. ओल्या स्वच्छ फडक्याने तोंड पुसा. पाकाचा एक थेंबही तोंडावर राहिला तर झाकण तिथे धरत नाही. झाकण हाताने बसेल तेवढंच घट्ट करा, नवऱ्याला बोलावून आवळायला लावू नका. आतली हवा उकळताना बाहेर पडायला वाट हवी.

गंजातलं पाणी यावेळी चांगलं गरम हवं, खळखळतं नको. बाटल्या उभ्या ठेवा, झाकणांवर इंचभर पाणी येऊ द्या, वर झाकण ठेवून आच मोठी करा. पाण्याला खळखळून उकळी आली की घड्याळ पाहा. त्याआधीचा वेळ धरायचा नाही. अर्ध्या लिटरच्या बाटलीला तिथून १५ मिनिटं. पुस्तकात १० मिनिटं लिहिलेली सापडतील. ती समुद्राजवळच्या गावांची. आमचा भाग समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या वर आहे, इथे पाणी थोडं कमी तापमानालाच उकळतं, म्हणून पाच मिनिटं जास्त. मध्येच उकळी बसली, सिलिंडर संपला, तर पुन्हा उकळी आल्यावर पहिल्यापासून १५.

गॅस बंद करा, पाच मिनिटं थांबा, मग चिमट्याने सरळ वर उचलून जाड फडक्यावर ठेवा. ओल्या ओट्यावर किंवा थंड फरशीवर ठेवलीत तर 'टण्' आवाज येईल आणि बूड हातात राहील. माझं झालंय. डिसेंबरात पहाटेची फरशी किती गार असते ते तेव्हा कळलं. दोन बाटल्यांमध्ये चार बोटांचं अंतर ठेवा. पंख्याखाली नको.

आता बारा तास हात लावायचा नाही. झाकणं थंड होताना एकेक करून आत ओढली जातात, रात्री अंथरुणात पडल्या पडल्या 'टक्, टक्' ऐकू येतं. मला तो आवाज मोजत झोपायची सवय आहे. सकाळी झाकणाच्या मध्यभागी बोट दाबून पाहा. आत गेलेलं असेल आणि हलत नसेल तर बाटली पक्की. दाबल्यावर खालीवर होत असेल तर ती बसली नाही. फ्रीजमध्ये ठेवा, चार-पाच दिवसांत खाऊन टाका. पंधरात एखादी निघतेच.

हे डबाबंद करायचं तंत्र शोधणारा फ्रान्सचा निकोलस ॲपर्ट व्यवसायाने मिठाईवाला होता. काचेच्या बाटल्या, बुचं आणि उकळतं पाणी एवढ्यावर त्याने १८१० साली सरकारचं १२,००० फ्रँकचं बक्षीस मिळवलं. अन्न का टिकतं ते त्यालाही ठाऊक नव्हतं, ते पाश्चरने पुढे अर्ध्या शतकाने सांगितलं. तेव्हा शाळा कमी शिकलो म्हणून हे जमणार नाही असं गटातल्या कुणी म्हणू नये.

सीताफळ बाटलीत घालायचं नाही

दसरा-दिवाळीच्या मध्ये डोंगराकडची सीताफळं टोपल्या टोपल्या येतात. संत्र्याच्या फोडी जमल्या त्याच्या पुढच्या वर्षी मी गर काढला, साखर मिसळली, अगदी वर सांगितलं तसंच बाटल्यांत भरून उकळलं. तापवल्यावर गर किंचित कडसर झाला तेव्हाच ओळखायला हवं होतं की याचं आणि आचेचं जमत नाही. तरी आठ बाटल्या फळीवर ठेवल्या. तीन आठवड्यांनी एकीचं झाकण फुगलं. मला वाटलं झाकण खराब असेल, बाकीच्या खाऊ. तेव्हा फवारणीच्या पाण्याचा पीएच, म्हणजे आंबटपणाचा आकडा, पाहायला मालकांनी कागदी पट्ट्या आणून ठेवलेल्या होत्या. सहज एक पट्टी ताज्या सीताफळाच्या गरात बुडवली. रंग पाचाच्या पुढे गेला. संत्र्याच्या रसाला तोच रंग चाराच्या आत होता.

सगळं या आकड्यावर अडतं. ४.६ च्या खाली, म्हणजे पुरेसं आंबट असेल, तर उकळत्या पाण्याची बाटली चालते. त्याच्या वर गेलं तर नाही. मातीत एक जंतू असतो, त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यात मरत नाहीत, त्यांना १२१ अंशाच्या आसपास दाबाखालची वाफ लागते. झाकण पक्कं बसलेल्या, हवा नसलेल्या, आंबट नसलेल्या बाटलीत ते आरामात उगवतात आणि विष तयार करतात. त्याला बोटुलिझम म्हणतात: नसा लुळ्या पडतात, श्वास अडकतो. झाकण दरवेळी फुगेलच, वास येईलच असं नाही. आंबट बाटलीत त्यांना उगवताच येत नाही, म्हणून आपलं १५ मिनिटांत भागतं.

उरलेल्या सात बाटल्या मी न उघडता, न चाखता, खड्डा करून पुरल्या. सासूबाई हळहळल्या, "एखादी चाखून त पाहाची व्हती." नाही. यात चाखून पाहायचं नसतं.

मग घरच्या कुकरमध्ये बाटल्या ठेवून शिट्ट्या काढल्या तर? हा प्रश्न हमखास येतो. आपला कुकर भराभर तापतो, भराभर उतरतो, बाटलीच्या मध्यापर्यंत किती उष्णता पोचली याचा कुणाला पत्ता नसतो. बाटली फुटते ती वेगळीच. करू नका. सीताफळाचा गर डब्यात भरून डीप फ्रीजरमध्ये, तेही ज्याच्या घरी लाइट टिकते त्याने. आमच्याकडे सिंगल फेज जाऊन येऊन असते, म्हणून आम्ही सीताफळ हंगामात पोटभर खातो आणि विषय संपवतो. पपई, केळी यांचंही तेच, गोड फळं, बाटलीच्या कामाची नाहीत.

कैरी, जांभूळ, आणि आंब्याचं काय

एप्रिल-मेमध्ये वादळ आलं की झाडाखाली कैऱ्यांचा सडा पडतो. लोक हळहळतात, मी टोपलं घेऊन धावते. कैरीइतकं सोपं फळ नाही, आंबटपणाची काळजीच नाही. फुटलेल्या, माती आत गेलेल्या बाजूला काढा. बाकीच्या सोलून, चिरून थोड्या पाण्यात शिजवा, पुरणयंत्रातून काढा. एक किलो गराला सव्वा किलो साखर, मीठ, वेलची, भाजलेलं जिरं. गूळ घातला तर रंग काळपट येतो, चव मात्र आम्हाला तीच आवडते. पुन्हा रटरटू द्या, गरम गरमच बाटलीत भरा, वर अर्धा इंच सोडून. हा गर दाट, आत उष्णता पोचायला वेळ लागतो, म्हणून उकळी आल्यापासून २० मिनिटं. पुढे दोन चमचे गार पाण्यात ढवळले की पन्हं.

जांभूळ मृगाच्या पावसाबरोबर येतं आणि आठ-दहा दिवसांत संपतं. पिकलेली जांभळं धुऊन हाताने कुस्करा, अगदी थोडं पाणी घालून दहा मिनिटं शिजवा, चाळणीवर घासून गर काढा. किलोला पाव किलो साखर पुरते. प्रत्येक अर्ध्या लिटरच्या बाटलीत पाव चमचा लिंबूसत्त्व टाका. दुकानात सायट्रिक ॲसिड म्हणून पांढरे खडे मिळतात तेच. जांभूळ आंबट असतंच, पण झाडागणिक फरक असतो, म्हणून ही वरची खात्री. घरच्या लिंबाचा रस नको का? नको, कारण लिंबाचाही आंबटपणा झाडागणिक बदलतो. पुन्हा उकळून गरम भरा, २० मिनिटं. पातेलं, परात, हात आणि ओटा चार दिवस जांभळे राहतील.

पिकलेला आंबा मी बाटलीत घालत नाही. गावरानी आंबा एका झाडाचा आंबट, दुसऱ्याचा नुसती साखर. काही आकड्याच्या अलीकडे, काही पलीकडे. त्याच्यासाठी आपल्याकडे ४५ अंशाचं ऊन आहे. ताटाला तुपाचा हात फिरवा, रसाचा पातळ थर, वाळला की त्यावर दुसरा, असे पाच-सहा थर. वर पातळ कापड बांधा. दोन-तीन दिवसांत साठ, म्हणजे आंब्याची पोळी, उचलून येतं. बोरंही तशीच, वाळवून कुटून बोरकूट. ही कामं आपल्या आज्या करतच होत्या, त्यात मी नवीन काय सांगणार?

सरबत करायचंच असेल तर

संत्र्याच्या सरबताचा हट्ट सुटत नसेल तर उकळू नका. आडवा चिरून हाताच्या लिंबू-पिळणीने हलक्या हाताने रस काढा, शेवटचा थेंब काढायच्या नादात बी-साल चेंगरू नका. एक लिटर रसाला पावणेदोन किलो साखर, एक लिटर पाणी, ३० ग्रॅम लिंबूसत्त्व. साखर, पाणी आणि लिंबूसत्त्व यांचा पाक करून पूर्ण गार करा, मग त्यात रस मिसळा.

हे उकळलेलं नाही, म्हणून यात टिकवायला औषध लागतं: पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, सगळे केएमएस म्हणतात. वरच्या मापाला २ ग्रॅम, थोड्या पाण्यात विरघळवून सगळ्यात शेवटी. जास्त घातलं की जास्त टिकतं हा समज चुकीचा. केएमएसमधून सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो, तोच टिकवतो; सरबतात या वायूची मर्यादा दहा लाखाला ३५० भाग आहे आणि २ ग्रॅममध्ये आपण तिच्या आतच राहतो. किराणाच्या काट्यावर २ ग्रॅमचा भरवसा नाही. मी सोनाराकडे जाते आणि दोन-दोन ग्रॅमच्या पुड्या बांधून आणते. पहिल्यांदा पांढरी पूड पाहून त्याने माझ्याकडे असं पाहिलं की बस! घरात दम्याचं कुणी असेल तर केएमएसचं सरबत त्यांना देऊ नका, त्रास होतो. आणि जांभळाच्या सरबतात हे चालत नाही, रंग उडून जातो. तिथे सोडियम बेंझोएट वापरतात.

विकायच्या असतील तर बाटल्यांना एफएसएसएआयची नोंदणी लागते, ते गटाच्या नावाने करा.

ठेवायचं कुठे

पुण्या-मुंबईच्या बायांना हा प्रश्न पडत नाही, आपल्याला पडतो. विदर्भाचा मे म्हणजे पत्र्याखालच्या खोलीत बाटलीला हात लावला तर चटका. इतक्या उष्णतेत बाटली बिघडेलच असं नाही, पण फोडी तपकिरी पडतात, मऊ होतात, पाकाला जुनाट वास येतो. माळ्यावर अजिबात ठेवू नका, घरातली सगळ्यात गरम जागा तीच. आमच्या जुन्या घराची एक मातीच्या भिंतींची खोली आम्ही पाडली नाही. तिथे रांजणाशेजारी जमिनीवर वाळू पसरून त्यात बाटल्या अर्ध्या गाडून ठेवते आणि वरून गोणपाट टाकते, कारण उजेडानेही रंग जातो. वाळूवर दुपारी पाण्याचा हबका मारते, पण झाकणावर पाणी येऊ देत नाही, पत्रा गंजतो.

बाटलीवर चिठ्ठी लावा: फळ, बहार (झाड कोणत्या हंगामात फुललं ते), तारीख. 'संत्रा, आंबिया, १४ डिसेंबर' अशी. मृग बहाराचा माल फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, तो वेगळा लिहा, नाहीतर जुनी बाटली मागे राहते. वर्षाच्या आत संपवा. उघडताना आधी झाकण पाहा, मग पाक. झाकण वर आलेलं, पाक फसफसणारा, गढूळ, कडेने ओघळलेला असेल तर चमचा न लावता पुरून टाका.

आणि दोन बाटल्या बाजूला ठेवा, पोरांच्या हाती लागणार नाहीत अशा. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठवडाभर आधी सासूबाई मातीच्या खोलीत डोकावून विचारतात, "उरली का वं एखादी बाटली, बुढ्यासाठी?" झाडं सासऱ्यांनी लावलेली. त्या दिवशी त्यांच्या ताटात पन्ह्याच्या वाटीशेजारी फोडींची एक वाटी असते, आणि त्या वाटीतली एकही फोड मोडलेली नको, हा सासूबाईंचा दंडक आहे.